कोळशावर धावलेली मोटार

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. भोसरी मागे पडते, मोशीला इंद्रायणी ओलांडायची, की थोड्याच वेळात चाकण येते. एके काळी चाकण म्हटले की संग्रामदुर्ग आठवे आणि १६६० साली शाएस्तेखानाच्या फौजेपुढे तो शर्थीने लढवणारा फिरंगोजी नरसाळा आठवे. पुढे कांद्या-बटाट्याचा बाजार आठवू लागला. आता चाकण म्हणजे मोटारींचे कारखाने. अलीकडच्या पिंपरी-चिंचवडलाही तेच. ट्रक, मोटारी, फटफट्या आणि त्यांची इंजिने या पट्ट्यात तयार होतात, आणि नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रक या रस्त्याने रात्रंदिवस जात असतात.

आज मी तुम्हाला ज्या मोटारीची हकीकत सांगणार आहे, ती या सगळ्या कारखान्यांच्या आधीची. ती कोळशावर चालत असे. आगगाडीच्या दगडी कोळशावर नव्हे बरं का, आपल्या शेगडीतल्या लाकडी कोळशावर. इतिहास म्हटला की आपण राजे आणि लढाया पाहतो. पण एखादे साधे यंत्र का आले, कुणाच्या जोरावर चालले आणि का गेले, हे पाहिले तरी त्या काळाचे पोट आपल्याला दिसते. आणि या यंत्राची गोष्ट अजून संपलेली नाही, म्हणूनही ती सांगायची.

दुसरे महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झाले. लढाईला लागणारे पेट्रोल आधी फौजेला, मग उरले तर लोकांना, असा हिशेब सुरू झाला. हिंदुस्थानात १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले. कुपन दाखवायचे आणि ठरलेले पेट्रोल न्यायचे. त्यातच १९४२ च्या मार्चमध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले. ब्रह्मदेशातले तेल आपल्याकडे येत असे. माघार घेताना इंग्रजांनी येनांजाऊंगच्या तेलविहिरी स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त केल्या, कारण त्या शत्रूच्या हाती पडू द्यायच्या नव्हत्या. तेलाची ती वाट बंद झाली.

त्या वेळी आपल्याकडे एस.टी. नव्हती. खाजगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी गावांना जोडत. पेट्रोल नाही म्हणून मोटार बंद ठेवावी, तर मालकाचे कर्ज थांबत नाही, आणि बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला जाणारा माणूसही थांबत नाही. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या रस्त्यांवर, आणि देशात इतरत्रही, मोटारींच्या पाठीशी नाहीतर बगलेला पत्र्याचे एक उंच पिंप दिसू लागले. लोक त्याला ‘गॅस प्लँट’ म्हणत आणि त्या मोटारीला ‘कोळशाची गाडी’.

आता कोळशावर मोटार चालते कशी? तुमच्या शेगडीकडेच पाहा. कोळसा चांगला फुलला, लालबुंद झाला, की त्याच्यावर एक निळसर ज्योत नाचताना दिसते. ती ज्योत कोळशाची नसते. तळाशी जिथे भरपूर हवा मिळते तिथे कोळसा पुरता जळतो आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतो. तो वायू वरच्या धगधगत्या निखाऱ्यांतून जाताना आणखी कोळसा खातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हा वायू जळणारा आहे. शेगडीच्या तोंडाशी त्याला पुन्हा हवा मिळाली की तो निळ्या ज्योतीने पेटतो. आता ती ज्योत पेटू न देता तो वायू नळीने इंजिनात ओढून घेतला तर? झाला तुमचा गॅस प्लँट.

ही कल्पना युद्धातली नव्हे. निकोलाउस ऑटो या जर्मन कारागिराने १८७६ मध्ये चार धक्क्यांचे इंजिन चालवून दाखवले, ते गॅसवरच. पेट्रोल त्याच्या पुढचे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्या आणि पंप चालवायला कोळशाच्या गॅसची इंजिने वापरात होती. जॉर्ज इंबेर या फ्रेंच अभियंत्याने १९२० च्या दशकात मोटारीवर बसेल असा लाकडाचा गॅस प्लँट सिद्ध केला. युद्ध संपता संपता युरोपात अशा काही लाख गाड्या रस्त्यावर होत्या. एकट्या स्वीडनमध्ये त्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली होती.

कोळशाचा प्लँट बनवायला सोपा. मी इतिहासाचा मास्तर, यंत्राचा नव्हे. पण याची रचना मलाही समजली, म्हणजे तुम्हाला समजायला हरकत नाही. जाड पत्र्याचे पिंप, वर घट्ट बसणारे झाकण. खालच्या बाजूला कुशीतून हवा आत घेणारी एक तोटी. तिच्या समोरच्या बाजूला जाळी, आणि जाळीमागून गॅस बाहेर नेणारा नळ. आग फक्त तोटीच्या तोंडाशी, एखाद्या नारळाएवढ्या जागेत, पण अशी प्रखर की तिथला पत्रा टिकणार नाही. म्हणून तोटी पाण्याने थंड ठेवत. बाकी पिंप मात्र फार तापत नसे, कारण भोवतीचा कोळसाच भिंतीचे काम करी. गॅस बाहेर आला की त्याला आधी गरगर फिरवून जड राख खाली पाडायची, मग लांब नळांतून नेऊन थंड करायचे, आणि शेवटी कापडातून किंवा काथ्यातून गाळून इंजिनात सोडायचे. गाळणी फाटली की राखेची बारीक भुकटी इंजिनात शिरे आणि पिस्टनची कडी कानशीने घासावी तशी झिजत.

रचना सोपी होती, चालवणे मात्र सोपे नव्हते. पहाटे इतर माणसे झोपेत असताना क्लीनर, म्हणजे आपल्या बोलीतला किन्नर, उठे. कालची राख उकरून काढी, जाळी झाडी, गाळणी झटकी. कोळसा कोरडा हवा आणि सारखा हवा, साधारण सुपारीहून लहान नको आणि लिंबाहून मोठा नको. भुकटी असली तर हवा अडे. मोठे तुकडे असले तर मध्ये पोकळी पडे आणि गॅस बिघडे. मग तोटीशी जळता बोळा धरून पाच-दहा मिनिटे हाताने पंखा फिरवायचा. नळाच्या तोंडाशी काडी लावून पाहायची. ज्योत भुरभुरली आणि विझली, की आणखी पंखा. ज्योत स्थिर राहिली, की इंजिनाकडे गॅस सोडायचा. काही गाड्या आधी थोड्या पेट्रोलवर चालू करीत आणि मग गॅसवर घेत. वाटेतही थांबून कोळसा ओतायचाच.

एवढे करून जोर किती? या गॅसमध्ये जळणारा कार्बन मोनॉक्साइड सुमारे तीस टक्के, थोडा हायड्रोजन, आणि निम्म्याहून अधिक नायट्रोजन, जो जळतच नाही. त्यामुळे पेट्रोलच्या इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटे. सपाटीवर गाडी चाले. घाट लागला की गाडी दमे, उतारू खाली उतरत, आणि प्रसंगी मागून हातही लावीत.

इथवर गोष्ट गमतीची वाटते. पण तिची दुसरी बाजूही ऐकून घ्या. ज्या वायूवर इंजिन चाले, तोच कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात, आणि माणसाला वाटते की आपल्याला नुसती झोप येते आहे. थंडीच्या दिवसांत खोली बंद करून शेगडी पेटती ठेवणारी माणसे सकाळी उठत नाहीत, त्याचे कारण हेच. गॅस प्लँटजवळ सर्वांत जास्त वेळ असे तो किन्नर, आणि मग ड्रायव्हर. आत धग असताना झाकण उघडले आणि हवा शिरली, की ज्वाळेचा भपका तोंडावर येई. स्वीडनमध्ये या विषबाधेचे रोगी इतके झाले, की डॉक्टरांना त्यांचा वेगळा अभ्यास करावा लागला. बंद शेडमध्ये हे यंत्र पेटवायचे नाही, हा नियम माणसे गमावून शिकावा लागला.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लाकूड सरळ पिंपात घातले तर काय होते? ते तापताना त्यातून धूर आणि डांबरासारखा चिकटा निघतो. तो गॅसबरोबर इंजिनात गेला की झडपा चिकटतात. इंबेरच्या प्लँटमध्ये हा चिकटा आगीच्या अरुंद गळ्यातून नेऊन जाळून टाकायची युक्ती होती. पण ती करायला कुशल हात हवा. कोळशात हा त्रास नाही, कारण चिकटा आधीच निघून गेलेला असतो. कोळशाचा प्लँट साधा का होता, याचे उत्तर इथे आहे. अवघड आणि घाणेरडे काम गाडीवर करावे लागत नव्हते. ते दूर रानात, कोळशाच्या भट्टीवर, दुसऱ्या कुणीतरी आधीच उरकलेले असे.

तो दुसरा कोण? सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, विशेषतः कोकणपट्टीत, कोळशाच्या भट्ट्यांवर पिढ्यानपिढ्या राबले ते कातकरी. व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, पावसाळा सरला की बायकापोरांसह रानात जायचे, झाडे तोडायची, ओंडके रचायचे, वर पाला आणि माती लिंपायची आणि आत धग द्यायची. मग दिवसरात्र राखण. कुठे माती खचली आणि हवा आत गेली, की कोळशाची राख होते आणि तो तोटा मजुराच्या नावावर चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटत नसे, आणि पुढच्या साली पुन्हा तोच मालक, तीच भट्टी. वेठबिगार रद्द करणारा कायदा आपल्या देशात १९७६ मध्ये झाला. त्याच्या आधीची आणि काही ठिकाणी नंतरचीही ही हकीकत आहे.

शिक्षक मंडळींनी वर्गात करून पाहावा असा एक हिशेब सांगतो. चाकण ते पुणे साधारण ३० किलोमीटर. त्या काळची मोटार एका लिटर पेट्रोलला ५ किलोमीटर जाई असे धरू. म्हणजे ६ लिटर पेट्रोल. एका लिटरच्या जागी कोळसा लागतो दीड किलोच्या आसपास. म्हणजे ९ किलो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा मिळायला पाच ते सहा किलो लाकूड जाते. म्हणजे ९ किलो कोळशापाठी जवळजवळ ५० किलो लाकूड. जाऊन येऊन झाले एक क्विंटल. रोज एक फेरी करणाऱ्या एका गाडीचा वर्षाचा आकडा मुलांनाच काढू द्या. आणि लक्षात ठेवा, की मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांतल्या शेगड्या याच कोळशावर पेटत होत्या. मोटारीची मागणी त्यावर आणखी आली.

तेच लाकूड कोळसा न करता सरळ लाकडाच्या प्लँटमध्ये घातले असते, तर एका लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे तीन किलोत भागले असते. तीस किलोमीटरला ५० च्या जागी १८ किलो. स्वीडनच्या लोकांनी हा हिशेब युद्धातच केला. आरंभी तिथल्या पुष्कळ गाड्या कोळशावर होत्या. पुढे लाकडाच्या प्लँटचे प्रमाण वाढत गेले, कारण कोळसा करण्यात लाकूड फार वाया जाते हे त्यांच्या ध्यानात आले. रानाची मोजदाद ज्यांच्याजवळ होती, त्यांना तो बदल सुचला. आपल्याकडे रान तोडणारा हात स्वस्त होता, म्हणून कोळसाही स्वस्त भासला.

युद्ध १९४५ मध्ये संपले. पेट्रोल हळूहळू मिळू लागले तशी मोटारींच्या पाठीवरची पिंपे उतरली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि खाजगी सर्व्हिस मोटारींचे युगही सरत आले. गॅस प्लँट गेला याचे कुणालाच दुःख झाले नाही. काळवंडलेल्या किन्नराला तर मुळीच नाही. लोकांच्या आठवणीत तो राहिला तो अडचणीच्या काळातली एक गंमत म्हणून.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७३ मध्ये जगात तेलाचे भाव एकदम भडकले आणि जुन्या पिंपाची पुन्हा आठवण झाली. तोवर आपल्या शेतीत मोटेची जागा डिझेलच्या इंजिनाने घेतली होती. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये निघाला होता, आणि त्या जातीची इंजिने गावोगावच्या विहिरींवर धकधकत होती. तेव्हा प्रश्न असा आला, की शेतकऱ्याच्या पंपाला शेतातलेच जळण चालेल का?

याचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणची एक संस्था होती. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था. तिथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ५ अश्वशक्तीच्या डिझेल पंपासाठी उघड्या तोंडाचा गॅसिफायर तयार करून चालवून पाहिला. गॅसिफायर हे त्या पिंपाचे आजचे नाव. त्यात कोळसा नव्हे, लाकडाचे तुकडे घालायचे. डिझेलचे इंजिन नुसत्या गॅसवर पेट घेत नाही, थोडे डिझेल ठिणगीसारखे द्यावेच लागते. पण नीट जमले तर दोन-तृतीयांशाहून अधिक डिझेल वाचते. पुढे त्याच संस्थेने उसाचे पाचट आणि चिपाड यांपासून गॅस करून उष्णता मिळवण्याचा प्रयोग केला. पाचट म्हणजे जे आपण शेतात काडी लावून जाळून टाकतो ते. रान तोडून इंधन करण्यापेक्षा शेतात उरलेले वापरावे, हा विचार मला त्या युद्धकाळच्या पिंपापेक्षा फार पुढचा वाटतो.

त्याच दशकात सरकारनेही गॅसिफायरच्या पंपांना अनुदान दिले. देशात अशी यंत्रे बरीच बसली, आणि त्यांतली पुष्कळ काही काळाने बंद पडली. का? लोखंड वाईट होते असे नाही. लाकडाचे सारखे तुकडे रोज कोण करणार, पावसाळ्यात ते कोरडे कुठे ठेवणार, गाळणी कोण धुणार, आणि धुतलेले काळे पाणी कुठे सोडणार? कागदावर डिझेलची बचत लिहिली होती. या कामांची मजुरी कुणी लिहिली नव्हती. शेतकऱ्याने मनात तो हिशेब केला आणि पुन्हा डिझेलचा डबा उचलला. त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. १९४५ नंतर मोटारमालकाने केला तोच हिशेब हा.

म्हणून, मंडळी, कुणी तुम्हाला सांगितले की दोन पिंपे आणि चार नळ जोडा, कोळशावर इंजिन फुकट चालते, तर त्याला तीन प्रश्न विचारा. कोळसा कुठल्या लाकडाचा, आणि ते लाकूड पुन्हा वाढते आहे का? तो करणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडते? आणि रोज पहाटे राख काढणारा हात कुणाचा? तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली तर यंत्र जरूर पाहा. बांधावरची वेडी बाभूळ, पाचट, कपाशीच्या पळाट्या, यांत पुष्कळ धग साठलेली आहे. पण जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय ते पेटवू नका, आणि घरात, गोठ्यात, बंद शेडमध्ये तर कधीच नाही. डोके दुखू लागले की आधी मोकळ्या हवेत या, मग यंत्राची चौकशी करा.

आणि शिक्षकांना एक विनंती. कोळशाची गाडी डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. चाकण, खेड, मंचर, तळेगाव या भागांत अशी कुणी आजी, कुणी आजोबा तुमच्या शाळेच्या वाटेवरच राहत असतील. मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. गाडी कशी सुरू होई, घाटात कोण उतरत असे, किन्नर कोणत्या गावचा, कोळसा कुठून येई आणि तो कोण आणी, हे विचारायला सांगा. गाडीच्या मालकाचे नाव कुठल्यातरी दप्तरात सापडेल. कोळसा वाहणाऱ्याचे नाव सापडले, तर ते अशा एखाद्या वहीतच सापडेल, आणि त्याला आता फार वर्षे उरलेली नाहीत.